दंड पस्तीस, भरले पाचशेवर

महोदय,

वाहतूक दंडावरचा अधिभार वाढवून अमेरिकेतल्या काऊंट्यांनी (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या विभागांनी) पोलिसांचा आणि जेलचा खर्च भागवला तर त्यात गैर काय, असे आपण कालच्या अग्रलेखात विचारले आहे. मी अठरा वर्षे कॅलिफोर्नियात राहतो, रोज गाडी चालवतो आणि हा अधिभार मी भरलेला आहे. गैर काय ते सांगतो.

२०१३ साली मर्यादेपेक्षा ताशी बारा मैल जास्त वेगाने गेलो म्हणून मला तिकीट, म्हणजे दंडाची पावती, मिळाले. चूक माझीच होती. मूळ दंड ३५ डॉलर. त्यावर राज्याचा अधिभार दर दहा डॉलरमागे दहा, काऊंटीचा सात, न्यायालयाच्या इमारतींसाठी वेगळा, गुन्हेगारांच्या डीएनए नोंदींसाठी वेगळा. दहाचा तुकडाही पूर्ण दहा धरतात, म्हणून अधिभार काढताना ३५ चे झाले ४०. शिवाय मूळ दंडाच्या २० टक्के आणि न्यायालयाच्या कामकाजाचे ४० डॉलर. रक्कम २३० च्या पुढे गेली. त्याच महिन्यात आम्ही घर बदलले होते. नोटीस जुन्या पत्त्यावर गेली, तारीख हुकली आणि आणखी ३०० डॉलर चढले.

मी ते भरू शकलो. न्यायालयात पैसे भरायच्या खिडकीपाशी माझ्या पुढे उभी असलेली बाई भरू शकत नव्हती. रात्री ऑफिसे झाडायचे काम करणारी, कडेवर झोपलेले मूल. हप्ते मिळतील का, एवढेच ती विचारत होती. पैसे थकले म्हणून तिचे लायसन्स आधीच निलंबित झाले होते, आणि तिच्या कामाच्या वेळेला बस नव्हती. म्हणजे रोज कामाला जाताना नवा गुन्हा. ती हातातला कागद उलटसुलट करून पाहत होती, ते मला अजून आठवते. केवळ दंड थकला म्हणून लायसन्स निलंबित करणे राज्याने २०१७ मध्ये बंद केले, आणि तारीख हुकल्याचे ते ३०० डॉलर २०२२ मध्ये १०० वर आणले. तोवर अशा किती जणी त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या असतील?

दंडावर पगार चालायला लागले की पोलिसांना दंड हवासा वाटतो. मिझुरीतल्या फर्ग्युसनचे काय झाले, ते आपल्याच पानांवर आले असेल. २१ हजार वस्तीचे गाव, आणि २०१३ या एका वर्षात तिथल्या न्यायालयाने ९ हजारांहून जास्त वॉरंट काढली, बरीचशी पार्किंग आणि वाहतुकीसारख्या किरकोळ बाबींतून. दंडाचे उत्पन्न वाढवा म्हणून नगर प्रशासन पोलिसांच्या मागे लागले होते, हे केंद्रीय न्याय खात्याने मार्च २०१५ च्या अहवालात लिहून ठेवले आहे. पोलीस सगळ्यांसाठी आहेत, तर त्यांचा खर्चही सगळ्यांच्या करातून व्हायला हवा.

आणखी एक. अग्रलेखात काऊंटी जेलला सरसकट गुन्हेगारांचा तुरुंग म्हटले आहे. ते चूक आहे. मोठी शिक्षा झालेले सहसा राज्याच्या तुरुंगात जातात. काऊंटीच्या जेलमधली बहुसंख्य माणसे अजून दोषी ठरलेलीच नसतात, आणि त्यांतली कित्येक केवळ जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत असतात. कृपया दुरुस्ती छापावी, आणि पहिल्या पानावर छापावी.

आपला,
एक जुना वाचक, कॅलिफोर्निया