टवका दाखवणाऱ्या आजींना

प्रिय आजी,

त्या दिवशी स्टॉकहोममधल्या तुमच्या जुन्या भांड्यांच्या दुकानात तुमचे धड आभारही मानता आले नाहीत, गळाच दाटून आला. म्हणून हे पत्र. मनातलं मराठीतच नीट उतरतं. स्वीडिशमध्ये करून आणून देईनच.

याआधी एका लिलाववाल्यांनी ‘निर्दोष’ म्हणत मला एक फुलदाणी विकली होती. घरी आणली, तर काठाला नख लावताच कळलं: टवका बुजवून वर रंग फासलेला. जाब विचारला, तर विकलेला माल परत घेत नाही म्हणाले. आणखी एका दुकानदाराने कपाट उघडलंच नाही. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. तो अपमान अजून जात नाही.

तुम्ही मात्र स्वीडिश कुंभार बेर्न्ट फ्रीबेर्ग यांची फुलदाणी मी न मागताच बाहेर काढलीत. १८९९ साली जन्मलेला हा माणूस १९३४ मध्ये स्वीडनमधल्या गुस्ताव्सबेर्गच्या चिनी मातीच्या कारखान्यात आला, तिथले रचनाकार विल्हेल्म कोगे आणि स्टिग लिंडबेर्ग यांच्यासाठी चाकावर भांडी घडवत राहिला आणि पुढे स्वतःच्या नावाने घडवू लागला. सशाच्या लवेसारख्या बारीक रेघांची ती तपकिरी झिलई हातात घेऊन बघण्यासाठी मी किती तरसले होते! बुडाशी ओल्या मातीत कोरलेली त्यांची सही आणि घडवल्याचं वर्ष सांगणारं अक्षर तुम्ही उजेडाकडे धरून दाखवलंत.

मग तुम्ही माझं बोट धरलंत आणि काठावरून हळूहळू फिरवलंत. एका जागी थांबलात. तिथे झिलईचा गारवा नव्हता, किंचित कोमट, गुळगुळीत लागत होतं. “इथे दुरुस्ती आहे,” म्हणालात आणि चिठ्ठीवरची किंमत पेन्सिलने खोडलीत.

आजी, मला ते कधीच कळलं नसतं. तुम्ही गप्प राहिला असता तर मी पूर्ण पैसे मोजून आनंदाने घरी गेले असते. गिऱ्हाईक परकं, पुन्हा येईल याचा भरवसा नाही, तरी तुम्ही सांगितलंत. अशी माणसं आहेत म्हणून परमुलखात जीव रमतो.

खिडकीतला सॅक्सबोचा वाडगा अजून असेल, तर माझ्यासाठी ठेवा. नाताली क्रेब्स यांनी १९३० साली डेन्मार्कमध्ये सुरू केलेल्या त्या कारखान्याची एक तरी वस्तू मला घ्यायची आहे. तुम्ही सांगाल ती किंमत. घासाघीस करणार नाही.

तुमची,
पुण्याची मुलगी