अलिखित हमीचे कमिशन कोण भरणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या 2008 पासून सरकारी ताब्यात असलेल्या गृहकर्ज कंपन्या पुन्हा खासगी भागधारकांच्या हाती देण्याच्या हालचालींविषयी आपल्या अर्थविषयक पानावर वाचले. शेअरला काय भाव येईल, कोणत्या हेज फंडांची (बड्या गुंतवणूकदारांच्या सट्टेबाज फंडांची) चांदी होईल, याची चर्चा भरपूर होती. पण त्यांच्या रोख्यांमागे अमेरिकी सरकार उभे आहे की नाही, हा खरा प्रश्न ओझरता उरकला. मे 2025 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी स्वतःच सांगून टाकले की, कंपन्या बाजारात उतरवल्या तरी सरकारची अलिखित हमी कायम राहील. 2008 च्या जागतिक आर्थिक संकटात या कंपन्यांचे दुखणे नेमके इथूनच सुरू झाले होते!

माझी सारी नोकरी बँकेत गेली. आमच्याकडे कंत्राटदाराला साधी पाच लाखांची बँक गॅरंटी (त्याने शब्द पाळला नाही तर पैसे बँक देईल, अशी लेखी हमी) द्यायची तरी स्टॅम्प पेपर, रक्कम, मुदत, क्लेमची शेवटची तारीख, मार्जिनपोटी मुदत ठेव, आगाऊ कमिशन आणि दोन अधिकाऱ्यांच्या सह्या, एवढे सोपस्कार. वर ती रक्कम आकस्मिक देणी, म्हणजे उद्या कदाचित भरावी लागेल अशी रक्कम, म्हणून ताळेबंदात दाखवायची. अमेरिकी सरकारने लाखो कोटी डॉलरच्या बाबतीत यातले काहीच केले नाही.

फॅनी मे 1938 साली रूझवेल्ट यांच्या काळात सरकारी संस्था म्हणून निघाली. 1968 मध्ये तिचे कर्ज सरकारच्या हिशेबातून बाहेर काढण्यासाठी ती भागधारकांना विकली. 1970 मध्ये फ्रेडी मॅक आली. बँकांकडून गृहकर्जे विकत घ्यायची, त्यांची मोट बांधायची, हप्त्यांची हमी द्यायची आणि रोखे विकायचे, हा त्यांचा धंदा. या रोख्यांना अमेरिकी सरकारची हमी नाही, असे माहितीपत्रकात स्वच्छ छापलेले असे. त्यावर विश्वास मात्र कोणीच ठेवला नाही, आणि का ठेवावा? संचालक मंडळावर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले पाच जण, सरकारी तिजोरीतून 2.25 अब्ज डॉलरच्या उचलीची सोय, राज्यांचा आयकर माफ. बँकांच्या नियामकांनीही सर्वसाधारण कंपनी कर्जाला 100 टक्के जोखीमभार (कर्जामागे बँकेने किती भांडवल ठेवायचे, ते ठरवणारे प्रमाण) लावला, तर या रोख्यांना फक्त 20 टक्के. सरकारचेच खाते असे वागत असेल, तर छापील ओळ वाचतो कोण?

परिणामी या कंपन्यांना कर्ज जवळपास सरकारी दराने मिळे, नफा भागधारकांच्या आणि व्यवस्थापकांच्या खिशात जाई. आयजीच्या जिवावर बायजी उदार. दिलेल्या हमीपोटी कायद्याने ठेवायचे किमान भांडवल होते 0.45 टक्के, म्हणजे 100 डॉलरच्या हमीमागे 45 सेंट! घरांच्या किमती देशभर एकाच वेळी पडू शकतात, हे त्यांनी बहुधा धरलेच नव्हते. 2008 पर्यंत दोघींच्या अंगावर पाच लाख कोटी डॉलरहून अधिक गृहकर्जे होती. रोखे परदेशातही गेले होते. चीन आणि जपान त्यात आघाडीवर, आणि परदेशी गुंतवणूक लाख कोटी डॉलरच्या पुढे. मग प्रश्न अमेरिकेतल्या घरांपुरता राहिला नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यातला हप्ता थकला की बीजिंगमधल्या परकीय गंगाजळीची चिंता सुरू.

जुलै 2008 मध्ये अमेरिकेचे अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी सिनेटकडे या कंपन्यांना मदत करण्याचे अधिकार मागितले. अधिकार मोठे असले की वापरावे लागत नाहीत, असा त्यांचा होरा. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती दोन महिनेही झाकलेली राहिली नाही. 7 सप्टेंबरला, रविवारी, दोन्ही कंपन्या सरकारी ताब्यात गेल्या. आठवड्याभराने लेहमन ब्रदर्स ही बडी गुंतवणूक बँक कोसळली. फॅनी-फ्रेडीचे प्रेफरन्स शेअर (लाभांशात अग्रहक्क असलेले शेअर) सुरक्षित समजून घेतलेल्या काही छोट्या अमेरिकी बँकाही त्यात बुडाल्या.

सर्वांत वाईट गृहकर्जांची मोट बांधण्यात वॉल स्ट्रीटच्या खासगी संस्था पुढे होत्या, या दोघी मागून त्यात उतरल्या, हे मान्य. सरकारने या दोन कंपन्यांत घातलेल्या सुमारे 190 अब्ज डॉलरच्या बदल्यात लाभांशापोटी 300 अब्जांच्या आसपास परत आले, हेही खरे. पण ‘शेवटी फायदाच झाला’ हा युक्तिवाद मला पटत नाही. फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने याच जातीचे सव्वा लाख कोटी डॉलरचे रोखे खरेदी करून बाजार सावरला, त्याची किंमत या हिशेबात कुठे आहे?

हमी द्यायची तर कायद्यात लिहा, रक्कम ठरवा आणि कंपन्यांकडून दरवर्षी कमिशन वसूल करा. नाही द्यायची, तर जोखीमभाराची सवलत काढून घ्या. आता मात्र नफा पुन्हा खासगी आणि हमी पुन्हा हवेत, असा बेत दिसतो.

आपल्याकडेही राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या पुढाकाराने एक कंपनी निघाली असून, तिच्यामार्फत एलआयसी हाउसिंग फायनान्सच्या गृहकर्जांवर आधारित 1,000 कोटी रुपयांचे कागद, म्हणजे अशाच प्रकारचे रोखे, मे 2025 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारात नोंदले गेले. उपक्रम चांगला आहे, माझा विरोध नाही. पण प्रवर्तक सरकारी आणि नावात एलआयसी, म्हणजे मागे सरकार आहेच, असे गुंतवणूकदार धरून चालणार. ‘सरकारी हमी नाही’ एवढे छापून भागणार नाही, ते फॅनी मेनेही छापले होते. असे कागद घेणाऱ्या बँकांकडून रिझर्व्ह बँक भांडवल किती मागते, तो आकडा आपल्या पानावर एकदा छापावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी, डोंबिवली (पूर्व)