हनोई, बिनखिडकीची खोली आणि आम्ही दोघं

प्रिय मनू,

व्हिएतनामला, हनोईला खर्च किती आला आणि भांडलात किती, असं तू फोनवर विचारलंस. दोन्हीची उत्तरं फोनवर देता येत नाहीत, नवरा शेजारीच असतो. म्हणून हे लिहितेय.

तुम्ही जाणार आहात तर आधी राहायचं. ओल्ड क्वार्टरमध्येच, म्हणजे जुन्या शहरातच रहा, लांब स्वस्त मिळतंय म्हणून जाऊ नका. एअरपोर्टवरून 86 नंबरची बस थेट तिथे येते, 45 हजार डाँग (तिथलं चलन), घाबरू नकोस, म्हणजे दीडशे रुपयांच्या आसपास. तीन शून्यं उडवायची आणि तिनाने गुणायचं, वर थोडं धरायचं, की झालं. फक्त 20 हजाराची आणि 5 लाखाची नोट दोन्ही निळसर आहेत, रात्री पैसे देताना उजेडात बघूनच दे.

खोली आम्ही मुद्दाम बिनखिडकीची घेतली, तेवढीच स्वस्त. तिथली जुनी घरं रस्त्याकडून जेमतेम दोन-तीन मीटर रुंद आणि आत लांबच लांब, ट्यूब हाऊस म्हणतात, पूर्वी दर्शनी रुंदीवर कर असायचा म्हणून अशी बांधली असं सगळे सांगतात, मग मधल्या खोल्यांना उजेड येणार कुठून. सकाळ झाली हे मोबाइल बघून कळायचं. नवरा पहिल्या रात्री जाम वैतागला. पण मनू, खरं सांगू, त्या खोलीमुळेच आम्ही दिवसभर बाहेर राहिलो, आणि ते अख्खं गावच फुटपाथवर राहतं गं. भाज्या निवडणं, भांडी घासणं, केस कापणं, म्हाताऱ्यांचे पट मांडून खेळ, सगळं त्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर. गुडघे पार हनुवटीला लागतात. नवऱ्याचं पोट आड यायचं, हे त्याला दाखवू नकोस.

गल्ल्या आपल्या तांबट आळीसारख्या, एकेका धंद्याच्या. हांग माला कागदी कंदील आणि पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू, लान ओंगला नुसती झाडपाल्याची औषधं, वास अर्ध्या रस्त्यावरून येतो.

भांडणं म्हणजे काय, त्याला यादी संपवायची असते आणि मला बसायचं असतं. शेवटी असं ठरलं की सकाळ त्याची, दुपारनंतर माझी. त्यांचे नेते हो ची मिन्ह यांची समाधी सकाळीच उघडी असते आणि सोमवार-शुक्रवार बंद, ते बघूनच दिवस ठरव. टेंपल ऑफ लिटरेचर मलाही आवडलं, 1070 सालचं, तिथे दगडी कासवांच्या पाठीवर शिलालेख उभे आहेत, परीक्षा पास झालेल्यांची नावं कोरलेली, 82 आहेत म्हणे. ट्रेन स्ट्रीटला, म्हणजे घरांना खेटून रेल्वे जाते त्या गल्लीत, मात्र नुसती फोटोवाल्यांची झुंबड, नाही गेलात तरी चालेल.

खाणं. तुझे हे शाकाहारी, म्हणून नीट वाच. 'चाय' असा बोर्ड बघायचा, चहा नव्हे, ते शाकाहारी जेवण. भात आणि चार-पाच भाज्या-टोफू, पोटभर आणि स्वस्त. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथले बरेच लोक मांस खात नाहीत, त्या दिवशी असे स्टॉल जास्त लागतात. बाकी ठिकाणी नुसतं 'नो मीट' म्हणून भागत नाही, माशाचं सॉस असतंच. मी सगळं खाणारी, मला काय, सकाळी फो म्हणजे मांसाचं नूडल सूप, दुपारी बुन चा म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस आणि नूडल्स, मजा.

आणि एग कॉफी पी. नाक मुरडू नकोस. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा न्गुयेन व्हान ज्यांग नावाच्या माणसाने दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला, त्याच्या घराण्याचं दुकान अजून चालू आहे. अंड्याचा वास येत नाही, उलट गोड दाट मलई आणि खाली कडू कॉफी, कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात.

रस्ता ओलांडताना थांबायचं नाही, धावायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही, एका वेगाने चालत रहायचं, स्कूटर्स आपोआप बाजूने जातात. मी नवऱ्याचा दंड धरून डोळे मिटायचे, तो म्हणायचा निदान एका डोळ्याने तरी बघ. शुक्रवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत होआन किएम तळ्याभोवती गाड्या बंद असतात, तेव्हा सुटका. तुम्ही वीकेंड धरूनच जा.

व्हिसा ऑनलाइन, 25 डॉलर, सरकारी साइटवरूनच कर, मधले एजंट उगाच दुप्पट घेतात. तारखा ठरल्या की कळव, आणि येताना कॉफीची दोन पाकिटं आण, आमची संपत आलीत.

तुझी,
शैलू