मनीच्या टोपलीविषयी

गंगापूर रोड, नाशिक

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेले की बाबा विषय मनी मांजरीवर नेतात आणि आईचा आवाज भरून येतो, म्हणून एकाच गावात राहून पत्र लिहीत आहे. दिवाळीनंतर तुम्ही माझ्याकडे राहायला यायचे हे आता ठरले आहे. तुमची खोली रंगवून झाली आणि न्हाणीघरात धरायला दांडीही बसवली. हे सारे मी तुम्हाला पुरते न विचारता केले, याची टोचणी मला आहे. पण बाबा त्या जिन्यावरून दुसऱ्यांदा घसरल्यावर, आणि 2027 च्या सिंहस्थात पंचवटीतल्या आपल्या बोळात रिक्षा शिरणे कठीण होणार हे दिसत असताना, मी आणखी किती थांबायचे होते? लेकीच्या घरी कसे राहायचे, असे बाबा तोंडाने म्हणत नाहीत. "तुझा तो गुंड्या बोका मनीला फाडून खाईल" एवढेच म्हणतात. तेव्हा मीही उत्तर मनीपुरतेच देते.

मनी आल्यावर तुमच्याच खोलीत, दार लावून राहील आणि पहिले काही दिवस गुंड्या तिच्या दृष्टीसही पडणार नाही. मांजराला जागा आपली वाटते ती वासाने. चौकटीवर, खुर्चीच्या पायावर गाल घासून ते स्वतःचा वास लावून ठेवते, म्हणून ओळखही आधी वासाचीच करून द्यायची. आई, तिची गोधडी कृपा करून धुऊन आणू नकोस, तुला ते जड जाणार हे ठाऊक असूनही सांगते. मला मामाकडे पाठवताना तू तुझ्या जुन्या पातळाची घडी उशाशी द्यायचीस आणि तिच्यात नाक खुपसल्याशिवाय मला झोप येत नसे. मनीचेही तसेच समज.

गेल्या रविवारी मी तिच्या अंगाखालचे फडके आणले होते ना, ते गुंड्यापुढे ठेवले. त्याने हुंगले, तोंड अर्धवट उघडे ठेवून क्षणभर थबकला, शेपूट फुलवली आणि दुपारभर दोन हात अंतरावर बसून त्याच्यावर पहारा केला. रात्री मात्र त्याच्या शेजारून जाऊन निवांत पाणी प्यायला. एवढे मला पुरे आहे.

पुढे दोघांच्या ताटल्या बंद दाराच्या दोन बाजूंना ठेवायच्या आणि दोघे स्वस्थ जेवू लागले की रोज थोड्या थोड्या जवळ सरकवायच्या. त्यानंतर जाळीचे दार, ते सुताराने लावून दिले आहे, आणि मग आपल्या देखत पाच-दहा मिनिटांची भेट. अकरा वर्षांच्या मांजराला याला काही आठवडे लागतील, कदाचित महिनेही लागतील. काळ्याच्या वेळी झाले ते पुन्हा नको. त्या दोघांना एका खोलीत ठेवले ते बाबांनी भल्यासाठीच ठेवले होते आणि तेव्हा आपल्यापैकी कोणालाच काही कळत नव्हते, म्हणून ते मनाला लावून घेऊ नका.

बाबा, आता थोडे दटावते. मांजर फिस्कारले तर काठी आपटायची नाही. "लांब राहा" इतकेच ते सांगत असते. कान मागे चिकटवून, नजर रोखून दोघे थिजले तर मध्ये पुठ्ठा धरायचा, हात अजिबात घालायचा नाही, कारण तुमची रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे. ओरखडा कितीही किरकोळ असला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायचा, हळद भरायची नाही आणि लगेच मला सांगायचे, डॉक्टरांना दाखवायचेच. बशीतले दूधही बंद. मोठ्या मांजरांना बहुधा ते पचत नाही, आणि मनीचे पोट का बिघडते हे आपण उगीच वर्षानुवर्षे उंदरांवर ढकलत आलो.

आई, तू गुडघे घेऊन वाळूच्या ट्रेसाठी वाकायचे नाहीस. ट्रे तीन असतील, दोघांचे दोन आणि एक जादा, आणि ते मी साफ करीन. मनीला अंगणाची सवय आहे, म्हणून वाड्यातली घमेलेभर माती आणून पहिले काही दिवस तिच्या वाळूत मिसळणार आहे. गॅलरीला जाळी लावून झाली आहे. बाबांची आरामखुर्चीही येईल, तिची वेताची वीण मनीने उसवली आहे तशीच. दुरुस्त करायला घेऊ नका.

शनिवारी मी येऊन तिला मांजरांच्या तीन रोगांवरची तिहेरी लस आणि रेबीजची लस टोचून आणते. जाताना टोपली ठेवून जाईन. ती आरामखुर्चीखाली तोंड उघडे ठेवून असू द्या, आत आईचे एखादे नेसलेले पातळ घाला आणि मनीला आत ढकलू नका. ती आपण होऊन आत जाऊन झोपली की मला कळवा, मग टेम्पोचा दिवस ठरवू.

तुमची,
चिमा