मागितला २५५/३५, पाठवला २५५/४०, आणि फोन जोडला ट्रॅक्टर विभागाला

दिनांक : १६ मे २०२५

प्रति,
मुख्य व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : चुकीच्या मापाचे दोन टायर परत नेणे, पूर्ण रक्कम परत करणे आणि ९ मेच्या फोनबद्दल जाब.

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या ग्राहक सेवेतल्या बाईंनी "तुमची केस बंद झाली आहे" एवढं सांगून फोन ठेवला. हा सातवा फोन होता. आठवा मी करणार नाही, म्हणून हे पत्र.

माझ्याकडे २०१२ची बीएमडब्ल्यू झेड फोर ही स्पोर्ट्स कार आहे. पुढे २२५/४० आर १८, मागे २५५/३५ आर १८. हे माप टायरवर आहे, दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं त्यावर आहे, आणि २१ मार्चला तुमच्या विक्री प्रतिनिधीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या ऑर्डरच्या मेसेजमध्येही आहे. मागचे दोन टायर रन-फ्लॅटच, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारेच, हवेत, हेही त्यात लिहिलेलं आहे. ५३,८०० रुपये मी त्याच दिवशी भरले. ३० मार्चला दोन टायर आले. दोन्हींवर २५५/४० आर १८.

त्याच संध्याकाळी पहिला फोन केला. तुमच्या ग्राहक सेवेतला मुलगा म्हणाला, "सर, पुढचा टायर ४०चा आहे ना? मग मागचाही ४०चाच लागतो. गाडी लेव्हलमध्ये राहते."

टायर विकणाऱ्या कंपनीला ४० म्हणजे काय हे गिऱ्हाइकाने शिकवायचं का? तो आकडा मिलिमीटर नाही, टक्का आहे. टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, ते तो सांगतो. पुढे २२५चे ४० टक्के म्हणजे ९० मिलिमीटर. मागे २५५चे ३५ टक्के म्हणजे सव्वाएकोणनव्वद. म्हणून तर पुढे ४० आणि मागे ३५ असूनही चारही चाकांची उंची जवळपास सारखी येते. वरची-खालची भिंत आणि मधला १८ इंची रिम धरून पुढचं चाक ६३७ मिलिमीटर, मागचं ६३६. गाडी बनवणाऱ्यांनी ते जुळवून ठेवलेलं आहे. तुम्ही पाठवलेला टायर लावला की मागचं चाक ६६१ मिलिमीटरचं होतं. अडीच सेंटिमीटरचा फरक. प्रत्येक फेरीला चाक आठ सेंटिमीटर जास्त जातं. काटा एरवी अचूक धरला तर त्यावर १२० दिसेल तेव्हा गाडी १२५ने धावत असेल, आणि समृद्धी महामार्गाची मर्यादा १२० आहे. शिवाय ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी एबीएस आणि गाडी घसरू न देणारी यंत्रणा चारही चाकांच्या फेऱ्या एकमेकींशी ताडून पाहते. मागची चाकं पुढच्यांपेक्षा जवळपास चार टक्के मोठी झाली तर त्या यंत्रणेने कशावर विश्वास ठेवायचा?

हे सगळं मी त्या मुलाला सांगितलं. त्याचं उत्तर : "सर, आमच्या सिस्टीममध्ये हे माप तुमच्या गाडीला चालतं असं दाखवतंय, त्यामुळे चुकीचा माल म्हणून रिटर्न घेता येणार नाही. एकदा लावून बघा. नाही बसलं तर फोटो पाठवा, लगेच बदलून देऊ."

"लावून बघा" हे तुमचे शब्द आहेत, माझे नाहीत. पुढे काय झालं ते वाचताना हे लक्षात ठेवा.

आमच्याकडे कारंज्याला टायरची दुकानं पुष्कळ आहेत, पण रन-फ्लॅटची भिंत कडक असते आणि १८ इंची अलॉय रिमला ओरखडा न पाडता तो चढवायला नीट मशीन लागतं. म्हणून कापसाच्या रिकाम्या खोलीत गाडीचं मागचं अंग लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, दोन्ही चाकं काढली आणि मालवाहू रिक्षात घालून अमरावतीला नेली. भाडं १,८०० रुपये, फिटिंगचे १,२०० वेगळे. तिथला कारागीर वयस्क माणूस. त्याने टायर हातात घेतला, जुन्याच्या शेजारी उभा केला आणि म्हणाला, "भाऊ, रिमवर बसन हा. पण गाडीखाली चालन नाई." मशीनवरच्या माणसाला जे नुसत्या नजरेने दिसलं ते तुमच्या सिस्टीमला दिसलं नाही. तरी मी त्याला म्हटलं, एक चढव, कंपनीने फोटो मागितलाय.

घरी आणून डाव्या मागच्या बाजूला ते चाक लावलं. टायरच्या खांद्यावर खडूने जाड रेघ ओढली. तुरीचा एक कट्टा डिकीत, एक बाजूच्या सीटवर ठेवला आणि गाडी हळूहळू फाटकाच्या उंबरठ्यावरून बाहेर काढली. कर्रर्र आवाज आला. चाक उतरवून पाहिलं तर आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर बोटभर रुंदीचा पांढरा पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या मधोमध अस्तर सोललेलं. गाडीला दहाचाही वेग नव्हता. १२०ने जाताना खड्डा आला असता, किंवा पुलाच्या सांध्यावर गाडी दबली असती, तर त्या जागी काय उरलं असतं? गाडीला दोनच सीट आहेत. एकीवर मी बसतो, दुसरीवर माझी बायको बसते.

फोटो काढले, अकरा. खडूचा पट्टा, सोललेलं अस्तर, टायरवरचं माप, स्टिकर, सगळं ४ एप्रिलला पाठवलं. सहा दिवसांनी मेल आला : "टायर रिमवर चढवलेला असल्याने तो वापरलेला मानला जाईल. वापरलेला टायर परत घेतला जात नाही." मग "लावून बघा" कोणी सांगितलं होतं? आणि जो दुसरा टायर मी चढवलाच नाही, ज्याच्यावरचं लेबलसुद्धा फाटलेलं नाही, तो का परत घेत नाही? या प्रश्नाला आजपर्यंत उत्तर नाही.

दुसरा फोन, तिसरा, चौथा यांबद्दल फार लिहीत नाही. तिसऱ्या फोनवर एकाने सल्ला दिला की रन-फ्लॅटचा नाद सोडा, साधे टायर लावा आणि स्टेपनी ठेवा. या गाडीत स्टेपनीची जागाच नाही. म्हणूनच तर तिला हवा गेल्यावरही ८०च्या वेगाने ८० किलोमीटर जाऊ शकणारे टायर देतात. रात्री शेलूबाजार आणि कारंजाच्या मधे टायरची हवा गेली तर मी काय करायचं, हे त्याने सांगितलं नाही.

आता ९ मेचा, पाचवा फोन. चौदा मिनिटांचा आहे. "गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे" असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तेव्हा रेकॉर्डिंग काढा आणि स्वतः बसून ऐका. खाली लिहिलेला एक शब्दही वाढवलेला नाही.

बाईंनी विचारलं, "सर, तुम्ही टायरचं माप कुठून घेतलं?"

"टायरवरून."

"ते मागच्या मालकाने बदललेलं असू शकतं ना, सर."

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "म्हणून मी दारावरचं स्टिकरही पाहिलं. तेच माप आहे. फोटो तुमच्याकडे आहे."

"स्टिकर तुम्हाला नीट वाचता आलं का?"

मी उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, "डिलिव्हरीचा पत्ता सांगा." मी सांगितला. गाव, तालुका कारंजा लाड, जिल्हा वाशीम. थोडा वेळ शांतता. मग, "सर, तिथे झेड फोर आहे?"

"आहे. माझ्या कापसाच्या खोलीत ठोकळ्यांवर उभी आहे. तुमच्यामुळे."

"एक मिनिट होल्ड करा."

होल्डचं बटण दाबलं गेलं नव्हतं. मला स्पष्ट ऐकू आलं. त्या शेजारच्या कुणाला तरी म्हणाल्या, "अरे, ट्रॅक्टरवाला असेल कुणीतरी, झेड फोर झेड फोर करतोय." समोरचा हसला. मग त्या परत आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सर, मी तुमचा कॉल योग्य विभागाकडे जोडून देते." आणि माझा फोन शेतीच्या टायरांच्या विभागाकडे जोडला गेला. तिकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "दादा, ट्रॅक्टर किती एचपीचा?"

व्यवस्थापक साहेब, मी ट्रॅक्टरवाला आहे. त्यात मला काडीची लाज नाही. माझ्या ट्रॅक्टरचे मागचे टायर १३.६-२८ आहेत आणि तेही मी पाहून, वाचून घेतले आहेत. त्या ट्रॅक्टरच्या कमाईवरच ही गाडी पुण्याहून आली. राग ट्रॅक्टर म्हटल्याचा नाही. राग याचा की मी आकडा वाचून दाखवला, स्टिकर दाखवलं, सोललेलं अस्तर दाखवलं, आणि तुमच्या माणसांनी त्यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी माझा पत्ता पाहिला आणि ठरवून टाकलं की या माणसाला आपली गाडी कोणती तेच कळत नाही. हाच फोन कोथरूडहून आला असता तर तुमच्या बाईंनी "स्टिकर वाचता आलं का" असं विचारलं असतं का?

आणि ऐका. त्या शेती विभागातल्या माणसाने माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "दादा, हा कारचा विषय आहे, माझ्या हातात नाही. पण २५५ला ३५च्या जागी ४० म्हणजे टायर इंचभर उंच झाला. नाही बसणार." अर्ध्या मिनिटात. सात फोनमध्ये तुमच्या कंपनीतल्या या एकाच माणसाला टायर कळत होता. त्याला बढती द्या.

सहाव्या फोनवर मला परत सांगण्यात आलं की पुढचा ४० आहे म्हणून मागचा ४०. परत! मी परत टक्का समजावला. समोरून उत्तर आलं, "सर, सिस्टीममध्ये तसंच आहे." सिस्टीम चुकीची असेल तर ती दुरुस्त करा. हेच माप तुम्ही उद्या दुसऱ्या झेड फोरवाल्यालाही पाठवाल, आणि तो कदाचित खडू लावून बघणार नाही, सरळ महामार्गावर जाईल. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५च्या वर जातो, समृद्धीचं काँक्रीट भट्टीसारखं तापतं. टायर फुटून होणाऱ्या अपघातांमुळे आरटीओला प्रवेशाच्या ठिकाणी गाड्यांचे टायर तपासावे लागले, हे टायर कंपनीला माहीत नसेल असं मी मानत नाही.

आणखी एक. दोन्ही टायरांवर तारखेचे आकडे ३१२१ आहेत. म्हणजे २०२१च्या ३१व्या आठवड्याचा माल. २०२५ साली "ताजा स्टॉक" म्हणून मला विकलात. माप बरोबर असतं तरी मी यावर भांडलो असतो.

मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगतो. आमच्या घरची लाकडी चाकांची बंडी गेली आणि टायरची बंडी आली तेव्हा तिला तुमचेच टायर होते. मी शाळेत होतो. बाबांनी बैल जुंपायच्या आधी त्या टायरांना हळदीकुंकू लावलं होतं. नंतर ट्रॅक्टर आला, ट्रॉली आली, मोटारसायकल आली, सगळीकडे तुमचंच नाव. दुकानदाराने दुसरी कंपनी दाखवली तरी बाबा हात लावत नसत. त्याच सवयीने मीही दुसरीकडे विचारपूस न करता ५३,८०० रुपये तुमच्याकडे भरले. ट्रॅक्टरवाल्यांनी तुम्हाला मोठं केलं आणि आता ट्रॅक्टरवाला म्हणून तुमच्याकडे हसतात.

मला नवे टायर नको. तुमच्याकडून तर नकोच. ५३,८०० रुपये परत हवेत, अमरावतीच्या खेपेचे आणि फिटिंगचे ३,००० हवेत, अस्तर बदलायचा खर्च हवा, त्याचं अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. आणि ९ मेच्या फोनबद्दल लेखी माफी हवी, छापील नमुन्यातली नको, माणसाने लिहिलेली.

ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. माझी पहिली लेखी तक्रार ४ एप्रिलची आहे. महिना कधीच उलटला. "केस बंद" म्हणजे निकाल नव्हे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावता येतो, त्यासाठी मला तुमच्या मुख्य कार्यालयाच्या शहरात यावं लागत नाही. तुम्हाला वाशीमला यावं लागेल. पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला शुल्कही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५वर नोंद आजच केली आहे. १५ दिवस वाट पाहीन, मग वकिलाची नोटीस येईल. खडूचे अकरा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आणि "लावून बघा"चं माझ्या फोनमधलं रेकॉर्डिंग, सगळं जपून ठेवलं आहे.

दोन्ही टायर कापसाच्या खोलीत कोरड्या जागी, उभे ठेवले आहेत. एकाचं लेबल शाबूत आहे. न्यायला माणूस पाठवणार असाल तर आदल्या दिवशी फोन करा, आणि त्याला पत्ता नीट वाचायला सांगा.

तुमचा ग्राहक,
तालुका कारंजा लाड, जिल्हा वाशीम
(नाव, फोन आणि ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)