काका, प्रोसिडिंगमध्ये माझं म्हणणं लिहिल्याबद्दल

काका, नमस्कार. तुमच्या तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलवता अन् तुरीला फूल आलं का ते विचारता, म्हणून इथं सगळ्यांसमोरच लिहून टाकते. परवा आपल्या कंपनीची आमसभा झाली आणि तुम्ही प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे मीटिंगच्या नोंदवहीत, माझं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं होतं तेच तेव्हापासून डोक्यात चालू आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमची शेतकरी उत्पादक कंपनी वाशिम जिल्ह्यात, कारंजाकडच्या भागात, सोयाबीन अन् तूर. मी संचालक. कशी झाले तर बोर्डात बाया दाखवायच्या होत्या आणि माझ्या नावानं सातबारा होता, बस. तो सातबारा पण सासूबाईंची कमाई. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं बायांचं अधिवेशन झालं त्याला त्या गेल्या होत्या, नंतर संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या वेळी (नवऱ्यानं बायकोच्या नावानं जमीन करून द्यायची, ती मोहीम) मामंजींच्या मागं लागून दोन एकर स्वतःच्या नावानं करून घेतलं, तेच पुढं माझ्या नावानं केलं.

आता नेतृत्व विकासाच्या ट्रेनिंगचं तर विचारूच नका. आधी डॉ. पंजाबराव देशमुखांच्या फोटोला हार, दीपप्रज्वलन, उपमा, मग कोणीतरी सर प्रोजेक्टरवर वाघ-सिंहाचे फोटो दाखवणार, "मी लीडर आहे" असं हात वर करून ओरडायला लावणार, ग्रुप फोटो, हजेरीवर सही, एक पिशवी अन् पेन, झालं. भाऊसाहेबांनी १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था काढली, शेतकऱ्याची पोरं शिकावी म्हणून, अन् त्यांच्याच फोटोखाली आम्हाला टाळ्या वाजवायला शिकवलं. बोर्ड मीटिंगची नोटीस सात दिवस आधी यावी लागते हे एकाही सरानं सांगितलं नाही. कोणाचे शेअर कितीही असो, सभासदाला मत एकच, हे पण नाही. हे सगळं तुम्ही सांगितलं, गोदामाच्या ओट्यावर बसून तंबाखूचा खर्रा घोटत घोटत (तो आता सोडा, काकूंनी मला मुद्दाम लिहायला सांगितलं आहे). गावच्या पीककर्जाच्या सोसायटीत आयुष्यभर गटसचिवकी केलेला माणूस तज्ज्ञ संचालक म्हणून आमच्या बोर्डात आला हे आमचं नशीब.

तुम्ही यायच्या आधी प्रोसिडिंग मीटिंगच्या अगोदरच लिहून तयार राहायचं. खरंच सांगते. सीईओ पोरगा रजिस्टर पुढं सरकवणार, "ताई इथं अन् इथं", आम्ही दोघी बाया सही करणार, चहा येणार. पोरगा वाईट नाही, वरून जसं सांगत तसं करायचा.

मग ती २०२४ च्या सीझनची मीटिंग. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ अन् मार्केटात चार हजाराच्या आसपास, सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्याच्या आत पाहिजे, तो नोव्हेंबरात १५ केला पण तोवर गरजवंतांनी विकून टाकलं होतं. ठराव असा होता की सभासदांचा माल एकाच व्यापाऱ्याला द्यायचा. काटा त्याचा, मॉइश्चर मीटर पण त्याचंच. मी म्हणलं आधी आपलं स्वतःचं मीटर घ्या अन् ट्रॅक्टर भरायच्या आधी ज्याचा माल त्याच्या डोळ्यासमोर मोजा, नाहीतर माझा नकार आहे. तर एक जण हसून म्हणाले, "वहिनी, मीटर चालवता येते का तुमाले?" बाकीचे पण हसले आणि पुढचा विषय सुरू.

तेव्हा तुम्ही म्हणले, "थांबा. रजिस्टर आना इकडं."

काका, मला ते जसंच्या तसं दिसतं. "सर्वानुमते मंजूर" हे शब्द आधीच लिहून होते, त्यावर तुम्ही एक सरळ रेघ मारली, बाजूला छोटी सही केली, चष्मा पुसला अन् मला म्हणले, "काय म्हनलं तुनं सूनबाई? पुन्हा सांग, सावकाश." मी सांगत गेले, तुम्ही लिहीत गेले, माझ्या नावानं. मग मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यात "डोळ्यासमोर" राहून गेलं होतं, मी म्हणलं काका ते राहिलं, तर तुम्ही दोन शब्दांच्या मधात खूण करून वरती बारीक अक्षरात ते पण घातलं. सगळं बोर्ड गप्प बसून पाहत होतं. नंतर मतदान झालं, विरोधात आपण तिघंच, ठराव पास झाला. मला त्याचं काहीच वाटलं नाही! इतक्या वर्षात पहिल्यांदा कोणी माझं बोलणं खोडलं नाही, बदललं नाही, "ताईंना असं म्हणायचं आहे" म्हणून आपलंच घुसवलं नाही.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, एकाच ढिगाच्या मालाचा ओलावा दोन ट्रॉल्यांत वेगळा निघाला, कटती म्हणजे कपात बसली, सभासद तणतणत ऑफिसात आले. "सगळ्यांच्या मतानंच ठरलं होतं" म्हणून बाकीचे संचालक सांगायला लागले तर कोणीतरी म्हणलं रजिस्टर काढा. मला एक शब्द भांडावा लागला नाही. पुढच्या मीटिंगला मीटर मंजूर.

मोठी मोठी भाषणं करणारे खूप पाहिले. पण बँकेत फॉर्मवर अंगठा घ्यायच्या आधी तो वाचून दाखवणारा क्लार्क, सुटे नाहीत म्हणून म्हातारीला खाली न उतरवणारा कंडक्टर, अशा माणसांवरच आमच्यासारख्यांचं चालतं, अन् त्यांचा सत्कार कोणी करत नाही, शाल-श्रीफळ सगळं स्टेजवरच्यांना.

तर परवाची आमसभा. कोरमला एक चतुर्थांश सभासद लागतात, दरवर्षी घरोघरी रजिस्टर फिरवून सह्या आणायचे. यंदा बाया दोन ऑटो करून आल्या. बाजूच्या गावची एक नवी सून उभी राहिली, वय पंचविशीच्या आत असेल, खताच्या विक्रीत कंपनीला किती सुटले म्हणून विचारलं. अध्यक्ष म्हणाले "पाहू". तर ती म्हणते, "पाहू नका, माझ्या नावानं लिहा अन् वाचून दाखवा." मी तिला हे शिकवलं नव्हतं हो. तुम्हाला तर तिनं पाहिलं पण नाही, तुम्ही मुलाकडं अकोल्याला गेले त्याच्या नंतर ती सभासद झाली.

तिला आता ताळेबंद वाचायचा शिकायचा आहे, मला काही तो धड जमत नाही, म्हणून तुमचा नंबर दिला. दुपारी करू नको म्हणलं, काका झोपतात.