तुमचा पंचा इथेच राहिलाय

आदरणीय काका,

नाव लिहू नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. सत्तरी तालुक्यात ओळखणारे ओळखतीलच.

शिगम्याचे दिवस होते. काजूला थोडा मोहर अजून शिल्लक, खाली बोंडू पडायला लागलेले. सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या सातेरी मधमाशांच्या पेटीतून माशांचा लोटच बाहेर पडला आणि बघता बघता फणसाच्या फांदीला हातभर घोस लोंबू लागला. आई तुळशीपाशी उभी राहून नुसती “गेल्या गो, गेल्या” म्हणत होती.

ज्याच्याकडून पेटी घेतली त्याला फोन लावला. विकायची होती तेव्हा हाच माणूस दिवसातून तीनदा फोन करायचा. त्या दिवशी पाचव्यांदा उचलला. म्हणाला, “उडाल्या तर उडाल्या, दुसरी वसाहत घ्या.” प्रशिक्षणात मधाचे भाव सांगितले, प्रमाणपत्रं वाटली, फोटोही काढले. मोहराच्या दिवसांत आठवड्याला एकदा पेटी उघडून पोळ्याच्या फ्रेमच्या खालच्या कडेला राणीघरं, म्हणजे नव्या राणीसाठीची घरं, लागलीत का ते बघायचं असतं, एवढं मात्र एकालाही सांगावंसं वाटलं नाही. शेजारच्याने चूड पेटवायला सांगितलं, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

तुम्ही बोंडू गोळा करायला निघाला होतात. टोपली कुंपणापाशी ठेवून सरळ आत आलात. जाळी नाही, मोजे नाहीत. तांदूळ ओंजळीने मापावेत तशा माशा रिकाम्या पेटीत उतरवल्यात. दारात चार-पाच माशा पोटाचं टोक वर करून पंख हलवू लागल्या, तेव्हा हळूच म्हणालात, “राणी आत गेली. आता ह्या बाकीच्यांना हाका मारतायत.” आईने विचारलं, आमचं काय चुकलं? “काही नाही. घर भरलं की वाटणी होतेच.” (आमच्या घरातल्या वाटणीला असा एखादा माणूस मिळायला हवा होता.)

पण माझ्या मनातून जात नाही ते पुढचं. पेटीवर उन्हाची तिरीप येत होती. सातेरीला नवं घर तापलेलं लागलं तर ती पुन्हा उठून जाते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! तुम्ही खांद्यावरचा पंचा काढलात, विहिरीवर भिजवलात, पिळलात आणि झाकणावर पसरलात. चारी कोपरे नीट ओढून, तापाच्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा. मग टोपली उचलून उघड्या डोक्याने दीडच्या उन्हात निघून गेलात. मी टॉवेल आणायला आत धावलो, तोवर तुम्ही वळणावर होतात.

संध्याकाळी न बोलावता परत आलात. पेटी घोडीवर चढवलीत, मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात, जुन्या पेटीत एक चांगलं राणीघर राखून बाकीची खुडलीत. पैशांचं नाव काढलं तर चिडलात. अशी माणसं गावात अजून आहेत, फक्त ती फोटोत येत नाहीत.

जुन्या पेटीतली नवी राणी अंडी घालू लागलीय, काल उन्हाकडे फ्रेम धरून बघितली. तुमचा पंचा आईने दोनदा धुतला, तरी मेणाचा वास जात नाही. खुंटीवर ठेवलाय. न्यायला या, आणि जेवूनच जा.

तुमचा,
फणसाखालच्या पेटीवाला